‘मागेल त्याला काम’ : एका वचनाचा इतिहास

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा ठाऊक नाही असा मराठी माणूस विरळा. दुष्काळ पडला, माणसे अन्नावाचून तडफडू लागली, तेव्हा बेदरच्या बादशहाचे धान्याचे कोठार त्याच्याच या अंमलदाराने भुकेल्यांसाठी खुले केले, आणि त्या धान्याचा पैसा विठू महाराच्या वेशात गेलेल्या पंढरीरायाने दरबारी भरणा केला. कीर्तनकार या कथेतून भक्तीचा महिमा सांगतात, आणि तो योग्यच आहे. परंतु राज्यव्यवहाराच्या दृष्टीने पाहणाऱ्यास याच कथेत तीन प्रश्न दडलेले आढळतील. भुकेल्याला जे द्यावयाचे ते दान म्हणून द्यावयाचे की श्रमाचा मोबदला म्हणून? ते देणे ही राजाची कृपा की प्रजेचा हक्क? आणि त्याचा हिशेब अखेर चुकता कोणी करावयाचा? गेल्या दीडशे वर्षांत महाराष्ट्राने या तीन प्रश्नांची जी उत्तरे शोधली, त्यांचाच हा वृत्तान्त होय.

आपल्या परंपरेत अन्नछत्राला मोठे स्थान आहे. पण कामालाही कमी स्थान नाही. घाट, बारवा, धर्मशाळा, देवालयांची शिखरे ही नुसती पुण्याईने उभी राहिली नाहीत. पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकरांनी काशीपासून रामेश्वरापर्यंत जी बांधकामे करविली, त्यांवर पाथरवट, गवंडी, बेलदार आणि बिगारी अशा असंख्य हातांना काम मिळाले असले पाहिजे. देवाच्या कामावर खपणारा मनुष्य भिक्षेकरी नसे; तो आपल्या मजुरीचा धनी असे. मात्र हे काम दात्याच्या इच्छेवर अवलंबून राही. ज्या वर्षी कोणी अहिल्याबाई नसे, त्या वर्षी काय करावे, याला त्या व्यवस्थेत उत्तर नव्हते.

इंग्रजी अमलात हा प्रश्न प्रथम उग्र रूपाने उभा राहिला तो १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात. मुंबई इलाख्याच्या दख्खन भागात आणि दक्षिणेस कलादगी म्हणजे पुढचा विजापूर, बेळगाव व धारवाड या जिल्ह्यांत पाऊस गेला आणि खेडीच्या खेडी ओस पडली. इलाख्याच्या सरकारने प्रारंभी गावांजवळ कामे काढली व बऱ्यापैकी मजुरी दिली. परंतु १८७७ च्या आरंभी हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी म्हणून सर रिचर्ड टेंपल दौऱ्यावर आले. बिहारच्या पूर्वीच्या दुष्काळात उधळेपणा केल्याचा ठपका त्यांच्यावर होता. तो धुऊन काढण्याच्या भरात त्यांनी मजुरीचे मान इतके खाली आणले की, दिवसास एक पौंड धान्य आणि वर किरकोळ नाणी एवढ्यावर धट्ट्याकट्ट्या माणसाने दिवसभर खणती करावी, असा हुकूम झाला. शिवाय गावाजवळची कामे बंद करून लोकांना लांबच्या मोठ्या कामांवर हाकलण्याचे धोरण ठरले. जो खरोखरीच उपाशी असेल तोच घरदार सोडून इतक्या लांब इतक्या अल्प मजुरीवर येईल, हे त्यामागचे तर्कशास्त्र.

या तर्कशास्त्राला उत्तर दिले ते मजुरांनी. हजारो माणसांनी कामावर जाण्याचे नाकारले. उपाशी माणसांचा हा संप आपल्या इतिहासात फारसा सांगितला जात नाही. वास्तविक तो सुवर्णाक्षरांनी लिहावयास हवा. त्यांची बाजू लेखी स्वरूपात मांडली ती पुण्याच्या सार्वजनिक सभेने. येथे देवस्थानाशी संबंध असलेल्या आमच्या वाचकांस एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १८७० साली स्थापन झालेल्या या सभेचे मूळ पर्वती संस्थानच्या कारभाराविषयीच्या तक्रारींत होते. देवाचा पैसा नीट खर्च होतो की नाही, हे विचारावयास एकत्र आलेली मंडळी सहा वर्षांत राज्याचा पैसा नीट खर्च होतो की नाही, हे विचारू लागली. सभेचे अध्वर्यू गणेश वासुदेव जोशी हे व्यवसायाने वकील होते. ‘सार्वजनिक काका’ हे त्यांचे लौकिक नाव. आणि पंच व ट्रस्टी यांच्या जबाबदारीची जी कल्पना मंदिरापासून निघाली, तीच त्यांनी सरकारला लावून दाखविली.

त्या दुष्काळाने मागे काही टिकाऊ गोष्टीही ठेवल्या. नीरेचा डावा कालवा आणि माणदेशातील म्हसवडचा तलाव ही दुष्काळी कामे म्हणूनच हाती घेतली गेली होती. भुकेल्या माणसाच्या श्रमातून पुढच्या पिढीचे पाणी निर्माण होऊ शकते, हा धडा त्यातून मिळाला. तो पुढे शंभर वर्षांनी उपयोगी पडावयाचा होता.

या दुष्काळानंतर कमिशन बसले, त्याने १८८० साली अहवाल दिला, आणि त्यावरून प्रांतोप्रांतीच्या दुष्काळ-संहिता तयार झाल्या. दुष्काळ पडल्यास सरकारने कामे काढावीत, अशक्तांना फुकट अन्न द्यावे, साऱ्याची तहकुबी व सूट द्यावी, अशी कलमे त्यांत होती. पण वकिलाच्या नजरेने ही संहिता वाचली म्हणजे तिचा खरा स्वभाव ध्यानात येतो. तो विधिमंडळाचा कायदा नव्हता. अधिकाऱ्यांनी अधिकाऱ्यांना दिलेल्या सूचना होत्या. कलेक्टरने काम न काढल्यास रयतेने कोणत्या कोर्टात दाद मागावी? कोणत्याच नाही. तेथे कर्तव्य लिहिलेले होते, पण त्या कर्तव्याला धनको नव्हता.

हा धनको निर्माण करण्याचा उद्योग लोकमान्य टिळकांनी १८९६-९७ च्या दुष्काळात केला. ‘केसरी’तून आणि सार्वजनिक सभेच्या प्रचारकांमार्फत त्यांनी संहितेतील कलमे मराठीत गावोगाव पोहोचविली. सरकारनेच हे लिहून ठेवले आहे, तेव्हा ते मागण्यास भिऊ नका, हा त्यांचा सांगण्याचा रोख. संहिता जशीच्या तशी होती; बदलला होता तो तिच्याकडे पाहण्याचा दृष्टिकोन. कचेरीच्या कपाटातील कागद चावडीवर आला आणि सूचनेची मागणी झाली. सरकारला हा बदल किती झोंबला, हे १८९७ साली त्याने सार्वजनिक सभेची मान्यता काढून घेतली यावरून दिसते.

त्याच दुष्काळात टिळकांनी आणखी एक गोष्ट ओळखली होती. सोलापूर व नगर येथील विणकरांचा धंदा बसला होता. त्यांना खडी फोडावयास पाठविणे म्हणजे त्यांचे कसब मोडणे होय. ज्या बोटांनी सूत हाताळावयाचे त्या बोटांना हातोड्याचे घट्टे पडले की मनुष्य दुष्काळातून वाचतो, पण कारागीर म्हणून मरतो. म्हणून स्थानिक व्यापारी व सरकार यांनी मिळून विणकरांना मागावरचेच काम द्यावे, अशी योजना टिळकांनी सुचविली. सरकारने ती मानली नाही. परंतु हाताला काम देताना त्या हातातील विद्येचा विचार करावा की नाही, हा प्रश्न तेव्हापासून उभाच आहे.

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्याआधीच बडोद्यास शोधले जात होते. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने प्रा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांनी १८९० साली तेथे कलाभवन स्थापन केले. गज्जर हे सुरतेच्या सुतार कुळातले, आणि बडोदा कॉलेजात रसायनशास्त्राचे अध्यापक. वाडवडिलांची पटाशी आणि प्रयोगशाळेतील परीक्षानळी यांची सांगड घालावी, ही त्यांची तळमळ. रंगकाम, यंत्रकाम, सुतारकाम, चित्रकला अशा विषयांचे शिक्षण राज्याच्या खर्चाने आणि मुख्यतः देशभाषेतून देण्याचा तेथे प्रयत्न झाला. इंग्रजी न जाणणाऱ्या कारागिराच्या मुलासही आधुनिक विद्या मिळावी, हा त्यामागील हेतू. त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळके या कलाभवनात शिकले. आणि गज्जरांच्या प्रेरणेने त्यांच्या शिष्यवर्गाने १९०७ साली अलेंबिक हा रसायनांचा कारखाना उभा केला. १९४९ साली बडोद्याचे विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा कलाभवन त्यात विलीन झाले. संस्थानी राज्यकर्त्यांविषयी आपण पुष्कळ बरेवाईट बोलतो. पण रयतेचा हात कसबी करणे हे राज्याचे काम आहे, हे सयाजीरावांनी स्वतंत्र हिंदुस्थानच्या साठ वर्षे आधी ओळखले, एवढे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

स्वातंत्र्य आले, घटना झाली. तिच्या ४१ व्या अनुच्छेदात कामाचा हक्क मिळवून देण्याविषयी तरतूद करण्यास राज्याला सांगितले आहे. पण ‘आर्थिक कुवतीच्या मर्यादेत’ असे शब्द तेथे जोडलेले आहेत, आणि ३७ व्या अनुच्छेदाप्रमाणे ही मार्गदर्शक तत्त्वे न्यायालयामार्फत बजावून घेता येत नाहीत. म्हणजे पुन्हा कर्तव्य आहे आणि धनको नाही! १८८० चा पेच १९५० सालीही सुटला नव्हता, फक्त अधिक उदात्त भाषेत मांडला गेला होता.

तो सोडविण्याची कल्पना ज्यांच्या मनात मूळ धरून राहिली, ते विठ्ठल सखाराम पागे. सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्याचे हे स्वातंत्र्यसैनिक १९६० ते १९७८ पर्यंत महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती होते. सर्वोदयी विचारांचा आणि संतवाङ्मयाचा त्यांच्यावर गाढ संस्कार होता. तासगाव तालुक्यातील विसापूरच्या परिसरात १९६० च्या दशकात त्यांच्या प्रेरणेने एक लहानसा प्रयोग झाला. जो अंगमेहनतीचे काम मागेल त्याला ते द्यावयाचे; आणि काम असे काढावयाचे की त्यातून जमिनीची बांधबंदिस्ती व पाण्याची साठवण व्हावी. दुष्काळ जाहीर होण्याची वाट पाहावयाची नाही, हे यातील मर्म. शेतमजुराच्या घरी दर वर्षी चैत्र-वैशाखात दुष्काळ असतोच. तो गॅझेटात जाहीर होत नाही इतकेच.

आणि मग जाहीर होण्यासारखा दुष्काळ खरोखरीच आला. १९७० पासून पावसाने दगा दिला आणि १९७२ साली महाराष्ट्राच्या मोठ्या भागात पीक बुडाले. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या सरकारने दुष्काळी कामे काढली. पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते, आणि सर्वत्र खडी फोडणे. १९७३ च्या मे महिन्यात या कामांवर सुमारे पन्नास लक्ष माणसे होती. १९७१ च्या खानेसुमारीप्रमाणे राज्याची लोकसंख्या पाच कोटींच्या किंचित वर होती, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो. दर दहा माणसांतील एक मनुष्य सरकारी कामावर मजुरी करीत होता. लोकांनी त्या काळातील सुकडी खाल्ली, उन्हात मैलोगणती चालून हजेरी लावली, मजुरी थकली तेव्हा मोर्चे काढले. १८७७ च्या संपकऱ्यांचे नातू-पणतू आता मतदार झाले होते. तेव्हा उपाशी माणसांनी पाठ फिरविली. आता त्यांनी तहसील कचेरीपुढे ठाण मांडले. त्या भीषण दुष्काळात महाराष्ट्रात पूर्वीसारखा मृत्यूचा संहार झाला नाही, याचे मोठे श्रेय या कामांकडे जाते.

याच सुमारास, १९७२ साली, राज्याने रोजगार हमी योजना हाती घेतली. दुष्काळ ओसरल्यावर ती गुंडाळली गेली असती तर नवल नव्हते; पण १९७७ साली विधिमंडळाने एकमताने रोजगार हमीचा कायदा संमत केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. ग्रामीण भागातील प्रत्येक सज्ञान व्यक्तीला अंगमेहनतीचे अकुशल काम मागण्याचा हक्क, मागणीनंतर पंधरा दिवसांत काम देण्याची राज्यावर सक्ती, आणि न दिल्यास बेकारी भत्ता, असा त्याचा सांगाडा. भत्त्याची किमान रक्कम दिवसास एक रुपया होती. रक्कम हास्यास्पद वाटेल. पण कायद्याच्या दृष्टीने तो रुपया अमोल होता. कारण ज्या क्षणी राज्य काम न दिल्याबद्दल एक रुपया देणे लागते असे ठरले, त्या क्षणी दुष्काळ-संहितेला जो धनको नव्हता तो जन्मास आला. कामाच्या मापावर मजुरी ठरत असल्यामुळे स्त्री आणि पुरुष यांच्या दरात भेद उरला नाही, आणि या कामांवर स्त्रिया मोठ्या संख्येने येत राहिल्या. ज्या घरात नवऱ्याच्या हातात पैसा पडून खर्च होई, त्या घरात बाईच्या नावाची मजुरी आली, ही क्रांती कोणत्याही परिषदेच्या ठरावाने झालेली नाही.

आता तिसरा प्रश्न, हिशेबाचा. दामाजीपंतांचा हिशेब विठोबाने भरला. विठ्ठलराव पाग्यांच्या योजनेचा हिशेब कोणी भरावयाचा? १९७५ साली महाराष्ट्राने व्यवसाय कर बसविला. घटनेच्या २७६ व्या अनुच्छेदाप्रमाणे हा कर त्या काळी वर्षास माणशी २५० रुपयांहून अधिक बसविता येत नसे. वकील, वैद्य, व्यापारी, पगारदार या सर्वांकडून तो घ्यावयाचा, त्यास विक्रीकर, मोटार कर, बागायत जमिनीचा सारा यांवरील अधिभार जोडावयाचे, आणि जमेल तेवढीच रक्कम राज्याने आपल्या तिजोरीतून घालावयाची, अशी ही योजना होती. मुंबईच्या कचेरीत बसणारा कारकून पगारपत्रकावर कापले गेलेले दोनचार रुपये पाही. ते माणदेशातल्या बांधावर घमेले वाहणाऱ्या बाईच्या मजुरीत जातात, हे त्याला बहुधा ठाऊक नसे. न कळत घडलेले पुण्यही पुण्यच होय. पण कळून घडले असते तर त्या दोघांत काही नाते निर्माण झाले असते.

येथे ‘स्थानिक’ या शब्दाविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य वाटते, कारण आमचे वाचक महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले आहेत आणि हा शब्द त्यांना कधी आश्रय देतो तर कधी बोचतो. हैदराबादच्या वाचकांस मुलकी नियमांचा इतिहास सांगावयास नको. १९१९ च्या फर्मानाने निजामाच्या राज्यात सरकारी नोकरी मुलकी माणसासाठी राखली. मुलकी ठरावयास जन्म किंवा पंधरा वर्षांचा रहिवास हवा. पुढे संसदेने १९५७ साली रहिवासाविषयी कायदा केला, त्यातील तेलंगणापुरती तरतूद १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने अवैध ठरविली. सोळाव्या अनुच्छेदाखाली संसदेला राज्यातील रहिवासाची अट घालता येईल, राज्याच्या एखाद्या भागातील रहिवासाची नव्हे, असा तो निर्णय. रोजगार हमीतही रहिवास आहे. काम साधारणपणे मजुराच्या पंचायत समितीच्या क्षेत्रात आणि अखेर जिल्ह्यात द्यावयाचे असते. परंतु दोहोंत मूलभूत भेद आहे. मुलकी नियम मोजक्या जागांभोवती कुंपण घालतात, म्हणून एकाला मिळाले की दुसऱ्याचे जाते. हमीच्या कामात जागा मोजलेल्या नसतात. जो तेथे राहतो आणि मागतो त्याला काम मिळावयाचे. त्याची मातृभाषा मराठी आहे की कानडी, कोंकणी आहे की तेलुगू, हे हजेरीपट विचारीत नाही. स्थानिक माणसाचे कल्याण दुसऱ्याला वगळूनच साधते असे नाही, हे या योजनेने दाखविले.

न्यायालयांनीही या क्षेत्रात दोन परस्परपूरक रेघा ओढल्या आहेत. राजस्थानात दुष्काळी कामावरील मजुरांना किमान वेतनाहून कमी देण्याची मुभा सरकारने कायद्याने घेतली होती. संजित रॉय यांच्या १९८३ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. किमान वेतनाहून कमी मजुरीवर श्रम करविणे म्हणजे घटनेने निषिद्ध केलेली वेठ होय, असा हा निर्णय. सर रिचर्ड टेंपल यांच्या एक पौंड धान्याला हे उत्तर मिळावयास एकशेसहा वर्षे लागली! उलटपक्षी १९९२ साली, दिल्लीतील उद्यानकामगारांच्या खटल्यात, त्याच न्यायालयाने कामाचा हक्क हा मूलभूत हक्क मानता येणार नाही असे सांगितले. सारांश, राज्याने काम दिले तर मजुरी पुरी द्यावी लागेल. पण काम द्यावयास राज्याला भाग पाडावयाचे असेल तर त्यासाठी कायदाच हवा. महाराष्ट्राचा १९७७ चा कायदा किती दूरदृष्टीचा होता, हे यावरून कळते.

योजनेचे दोष झाकण्याचे कारण नाही. खोटे हजेरीपट भरले गेले; मापे कमी धरली गेली; मजुरी आठवडेच्या आठवडे थकली. बेकारी भत्ता क्वचितच कोणाच्या हाती पडला, कारण मागणीचा अर्ज घेतल्याची पोचच द्यावयाची नाही, ही युक्ती कचेऱ्यांना लवकर साधली. हक्क कागदावर येणे आणि पोच हातात येणे यांत केवढे अंतर आहे, हे आम्हां कायद्याच्या व्यवसायातील माणसांना रोजच दिसते. पुष्कळ ठिकाणी मजुराच्या घामाने झालेल्या तलावाचे पाणी ज्याच्या जमिनीला लागले, तो आधीच सधन होता.

तथापि सर्वांत मोठी उणीव निराळी आहे, आणि ती टिळकांच्या विणकरांपाशी आपल्याला परत नेते. कायद्याने हमी दिली ती अकुशल कामाची. जो खणती करीत आला तो वीस वर्षांनीही खणतीच करील, याची सोय झाली. त्याने गवंडी, सुतार वा यंत्रकामगार व्हावे, याची नाही. कसब शिकविण्यासाठी १९५० पासून औद्योगिक प्रशिक्षण संस्था निघाल्या, १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. पण ही गाडी एका रुळावर आणि रोजगार हमीची दुसऱ्या रुळावर धावत राहिली. दोहोंना जवळ आणणारा एक सुंदर अपवाद म्हणजे १९९० साली सुरू झालेली, रोजगार हमीशी निगडित फळबाग लागवड. लहान शेतकऱ्याने आपल्याच रानात आंबा, काजू, डाळिंब, बोर लावावे आणि त्या मजुरीचा भार योजनेने उचलावा, अशी ती कल्पना. मजूर येथे मालक झाला, आणि झाड वाढविण्याची विद्याही शिकला.

महाराष्ट्राच्या उदाहरणावरून संसदेने २००५ साली देशव्यापी कायदा करून ग्रामीण कुटुंबास वर्षाला शंभर दिवसांच्या कामाची हमी दिली. २००६ च्या फेब्रुवारीत निवडक जिल्ह्यांत सुरू झालेली ही हमी २००८ पर्यंत गोव्यासह सर्व ग्रामीण जिल्ह्यांत पोहोचली. २०२५ च्या अखेरीस संसदेने त्या कायद्याच्या जागी नवा कायदा संमत केला. त्याची परीक्षा काळ करील. पण ती करताना लावावयाची कसोटी मात्र या इतिहासानेच दिली आहे. काम मागणाऱ्याच्या हाती पोच पडते काय? मजुरी पुरी आणि वेळेवर मिळते काय? केलेले काम गावाच्या उपयोगी पडते काय? आणि काम करणाऱ्याच्या हातात वर्षाअखेर कालच्याहून अधिक विद्या असते काय?

पहिल्या तीन कसोट्या राज्याला लावावयाच्या आहेत. चौथी आपल्या समाजालाही लागू आहे. आपल्या देवस्थानांना जीर्णोद्धारासाठी पाषाण घडविणारे हात हवे असतात, समया व प्रभावळी ओतणारे तांबट हवे असतात, रथाची चाके जोडणारे सुतार हवे असतात. आणि दर वेळी असे कारागीर मिळत नाहीत अशी हळहळ ऐकू येते. ज्या समाजाने सार्वजनिक सभेसारखी संस्था देवस्थानाच्या हिशेबातून उभी केली, त्या समाजाला आपल्या देवळाच्या कामावर दोनचार स्थानिक मुलांना उमेदवार म्हणून ठेवणे, त्यांना विद्यावेतन देणे आणि काम संपेपर्यंत कसब त्यांच्या हाती सोपविणे जड जाऊ नये. अन्नदानाने एक दिवस सरतो. हातात विद्या दिली तर घर उभे राहते. सरकारी हमीची वाट सरकार पाहील. ही हमी देण्यास मात्र कोणत्याही कायद्याची आवश्यकता नाही.